मुद्दाम दिलेला आजार

जुलै महिन्यातली गोष्ट. रात्री मेसवरून आल्यावर शेजारच्या रूममधला एक मित्र मोबाईल हातात घेऊन माझ्या खोलीत आला. (त्याचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर तो माझ्याशी बोलणं बंद करेल!) त्याच्या ओळखीतल्या कुणीतरी त्याला सांगितलं होतं, की एका मोठ्या शहरात औषधांच्या चाचणीसाठी निरोगी तरुण पोरं लागतात. दोन-तीन रात्री तिथं राहायचं, एक गोळी घ्यायची, ठरावीक वेळाने रक्त द्यायचं आणि येताना रोख रक्कम घेऊन यायची. मेसचं थकलेलं बिल एका दमात फिटेल एवढी रक्कम. "जाऊ का रे?" त्याने विचारलं.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपण यंत्र अभियांत्रिकीवाले, आपल्याला बेअरिंगचं आयुष्य काढता येतं, माणसाचं नाही. पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून वाचायला लागलो. वाचता वाचता कळलं की गोळी तर सोडाच, जगात काही ठिकाणी निरोगी माणसाला मुद्दाम, ठरवून, चक्क डास चाववून मलेरिया देतात. तोही कायद्याने, समितीची परवानगी घेऊन. हेतू एकच, लस काम करते की नाही हे तपासणं. याला नियंत्रित मानवी संसर्ग अभ्यास म्हणतात. आणखी खोदलं तर अशा प्रयोगाची एक जुनी गोष्ट थेट आपल्या मुंबईत सापडली. आणि तीही नारूची!

आजच्या पिढीतल्या किती जणांना नारू हा शब्द माहीत असेल कोण जाणे. माझ्या आज्जीच्या पोटरीवर एक जुना व्रण होता. लहानपणी मी त्यावर बोट ठेवून विचारायचो, तेव्हा ती म्हणायची, "बारवेचं पाणी प्यायलो रं बाबा, त्याचं ते देणं." पायाला फोड यायचा, आग व्हायची, मग फोड फुटून पांढऱ्या दोऱ्यासारखं कृमीचं तोंड बाहेर दिसायचं. ते काडीला गुंडाळून रोज थोडं थोडं ओढायचं. घाई केली आणि मध्येच तुटला, तर पाय सुजून माणूस महिनोन्‌महिने खाटेवर. पेरणीच्या दिवसांत घरातली दोन माणसं अशी पडली तर त्या वर्षाचं शेत गेलंच म्हणून समजायचं. आपल्यासारख्या कोरड्या मुलखात, जिथं पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवून घागर भरायची, तिथं हा रोग घर करून असायचा.

हा कृमी माणसाच्या अंगात शिरतो कसा, हे कोडं बराच काळ सुटत नव्हतं. 1870 साली फेदचेंको या रशियन शास्त्रज्ञाने तुर्कस्तानात पाहिलं की नारूची पिल्लं पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक प्राण्याच्या पोटात वाढतात. हा सायक्लॉप्स म्हणजे नीट पाहिलं तर ग्लासात ठिपक्यासारखा पळताना दिसणारा जीव. 1907 च्या सुमारास लायपर या संशोधकाने लागण झालेले सायक्लॉप्स केळ्यातून माकडाला खाऊ घातले आणि सहा महिन्यांनी त्या माकडाच्या शरीरात नारू सापडले. पण माकड म्हणजे माणूस नव्हे. साखळीची शेवटची कडी अजून जोडायची राहिली होती.

ती कडी जोडली एका मराठी माणसाने. डॉ. ज्ञानेश्वर आत्माराम तुर्खुड. प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी एक असलेले डॉ. आत्माराम पांडुरंग यांचे हे चिरंजीव. परळची ती प्रयोगशाळा, जिला पुढे 1925 मध्ये हाफकिन यांचं नाव मिळालं, तिथं त्यांनी नारूवर काम केलं. 1913-14 च्या सुमारास त्यांनी स्वयंसेवकांना लागण झालेले सायक्लॉप्स पाजले, आणि माणसाला नारू याच वाटेने होतो हे दाखवून दिलं. नारूला अंगातून बाहेर पडायला साधारण एक वर्ष लागतं. म्हणजे पाणी प्यायलेल्या माणसाने वर्षभर वाट बघायची, आपल्या पायातून किडा निघतो का ते! माझ्या वाचनात त्या स्वयंसेवकांची नावं कुठंच आली नाहीत. तुर्खुडांचं नाव परजीवीशास्त्राच्या इतिहासात आहे, पण पाणी पिणारे अनामिक राहिले.

त्या प्रयोगाचा फायदा मात्र लाखमोलाचा. एकदा वाट कळली की ती अडवता येते. लस नको, औषध नको. पाणी दुहेरी कापडाने गाळा, पायऱ्यांच्या विहिरी बंद करून रहाटाच्या विहिरी किंवा हातपंप करा, पाण्यात टेमेफॉस टाका. याच जोरावर 1980 च्या दशकात देशभर नारू निर्मूलनाची मोहीम चालली. शेवटचा रुग्ण जुलै 1996 मध्ये राजस्थानात सापडला आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचा दाखला दिला.

आता खरा प्रश्न. तुर्खुडांनी आज तोच प्रयोग करायचा अर्ज केला असता तर परवानगी मिळाली असती का? माझ्या मते नाही, आणि त्याचं कारण फार साधं आहे. नारूवर औषध नव्हतं, आजही नाही. एकदा किडा पोटात गेला की तो बाहेर येईपर्यंत भोगायचं. मुद्दाम आजार देण्याचा आज पहिला नियम हा, की तो आजार आपल्याला हमखास आणि लवकर बरा करता आला पाहिजे. परतीची वाट नसेल तर पाऊलच टाकायचं नाही. तुर्खुडांच्या काळी असे लेखी नियम नव्हते, त्यामुळे त्यांना आजच्या फूटपट्टीने मोजण्यात अर्थ नाही. पण फूटपट्टी का बनली ते मात्र बघायला हवं.

ती बनली फार वाईट अनुभवातून. दुसऱ्या महायुद्धात डाखाऊच्या छळछावणीत क्लाउस शिलिंग नावाच्या म्हाताऱ्या प्राध्यापकाने हजाराहून अधिक कैद्यांना मलेरियाची लागण केली. नकार देण्याचा प्रश्नच नव्हता. 1946 मध्ये त्याला फाशी झाली. पण त्याच काळात अमेरिकेतही स्टेटव्हिलच्या तुरुंगात कैद्यांवर मलेरियाचे प्रयोग चालू होते, तिथं सह्या घेतलेल्या होत्या एवढाच फरक. न्युरेंबर्गच्या खटल्यात जर्मन डॉक्टरांच्या वकिलांनी नेमकं हेच पुढे केलं. 1947 च्या न्युरेंबर्ग संहितेत माणसाच्या स्वखुशीच्या संमतीला पहिलं स्थान मिळालं ते या सगळ्यानंतर.

मग एवढं होऊनही आज मुद्दाम मलेरिया का देतात? इथं आपल्या स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या लॅबची आठवण काढा. युटीएमवर सळईचा तुकडा लावून आपण तो तुटेपर्यंत ओढतो, कारण पूल बांधल्यावर तो पडतो का याची वाट बघणं परवडत नाही. लसीचंही तसंच आहे. नेहमीच्या पद्धतीने लस तपासायची तर हजारो लोकांना टोचून, त्यांना आपोआप आजार होतो का, हे वर्षानुवर्षं बघावं लागतं. आरटीएस,एस या मलेरियाच्या लसीची मोठी चाचणी 2009 ते 2014 या काळात आफ्रिकेतल्या सात देशांत पंधरा हजारांहून जास्त मुलांवर झाली. एवढा पैसा, एवढी वर्षं लावायची, तर लसीत आधी काहीतरी दम आहे हे कळायला नको का? त्याच लसीची 1997 साली प्रसिद्ध झालेली चाचणी बघा. सात स्वयंसेवकांना लस दिली, मग संसर्ग झालेले डास चाववले. सातपैकी सहा जणांना मलेरिया झालाच नाही. सात माणसांनी एका अख्ख्या लसीची दिशा ठरवली!

यात परजीवींची अडचण वेगळी आहे हे लक्षात घ्या. गोवराच्या विषाणूत सहाच जनुकं असतात. मलेरियाच्या परजीवीत पाच हजारांवर! शिवाय तो डासात एक रूप घेतो, यकृतात दुसरं, रक्तात तिसरं. यातल्या कोणत्या रूपावर नेम धरायचा हेच आधी ठरत नाही. म्हणून वाया जाणाऱ्या लसी इथं फार, आणि लवकर गाळणी लावायची गरजही फार.

प्रत्यक्षात कसं करतात? प्रयोगशाळेत वाढवलेले, लागण झालेले पाच डास एका छोट्या डब्यात घालतात, वर जाळी, आणि त्यावर स्वयंसेवकाने हात ठेवायचा. परजीवीचा वाण असा निवडतात की त्याच्यावर कोणतं औषध लागू पडतं ते आधीच पक्कं माहीत असतं. सुमारे आठवडाभर काही दिसत नाही, कारण परजीवी यकृतात असतात. मग रोज, काही ठिकाणी दिवसातून दोनदा रक्त तपासायचं. परजीवी ठरलेल्या मर्यादेपर्यंत दिसले, की ताबडतोब औषध सुरू. ताप येतो, अंग ठणकतं, डोकं फुटायला होतं. हे कुणी लपवत नाही, लपवूही नये. 1980 च्या दशकापासून अशा पद्धतीने हजारो स्वयंसेवकांना लागण केली गेली आणि ते बरे झाले. तरी हॉलंडमध्ये एका तरुण मुलीला चाचणीदरम्यान हृदयाचा त्रास झाला होता. ती बरी झाली, पण त्यानंतर स्वयंसेवकांच्या हृदयाची तपासणी जास्त काटेकोर झाली. फॅक्टर ऑफ सेफ्टी कितीही घेतला तरी शून्य धोका असं काही नसतं.

मला सगळ्यात आवडलेली युक्ती हॉलंडमधल्याच लायडनची. शिस्टोसोमा नावाच्या कृमीवर लस शोधायची होती. हा गोगलगायींमधून पाण्यात येतो आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतो. (भारतात हा नाही असं आपण समजतो. पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात याचे रुग्ण सापडल्याचं गाडगीळ आणि शाह यांनी 1952 मध्ये लिहिलं आहे.) खरा आजार होतो तो कृमीच्या अंड्यांमुळे. मग लायडनच्या लोकांनी काय केलं? फक्त नर पिल्लांनी लागण केली. मादीच नाही, तर अंडी कुठून येणार! 17 स्वयंसेवक, दहापासून तीसपर्यंत पिल्लं. तीसवाल्यांना त्रास जास्त झाला म्हणून वीसवर थांबले. हे निष्कर्ष 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. याला म्हणतात डिझाइन. धोका आधी आराखड्यातूनच काढून टाकायचा, आणि उरलेल्यासाठी औषध जवळ ठेवायचं.

आता एक शंका तुमच्याही मनात आली असेल. हे सगळं गोऱ्या देशांत चालू आहे तर चालू द्या, आपल्याकडे कशाला? याचं उत्तर आपल्या साइट व्हिजिटमध्ये आहे. लॅबमधलं काँक्रीट आणि साइटवरचं काँक्रीट कधी सारखं निघतं का? सातपैकी सहा जणांना वाचवणाऱ्या त्याच आरटीएस,एस लसीने आफ्रिकेतल्या मुलांमध्ये चार डोस देऊनही चार वर्षांत मलेरियाचे प्रसंग साधारण एक तृतीयांशानेच कमी केले. ज्याने आयुष्यात कधी मलेरिया पाहिला नाही त्याचं शरीर आणि ज्याने दर पावसाळ्यात डास खाल्ले त्याचं शरीर लसीला वेगळा प्रतिसाद देतं. म्हणून केनियातल्या किलिफी इथं तिथल्याच माणसांवर असे अभ्यास झाले. स्वयंसेवकांना सुमारे तीन आठवडे विद्यापीठाच्या आवारातल्या निवासात ठेवलं होतं. म्हणजे एका परीने हॉस्टेलच की! आणि आज मलेरियाची दुसरी लस, आर21, पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. तिला जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2023 मध्ये शिफारस दिली. लस आपण बनवायची आणि तपासायला माणसं मात्र कायम दुसऱ्यांची, हेही काही बरोबर वाटत नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, 2023 मध्ये या विषयावर धोरण मांडलं. तोपर्यंत आपल्या देशात आजच्या नियमांखाली असा एकही अभ्यास झालेला नव्हता. स्वयंसेवक निरोगी प्रौढच हवेत, मुलं आणि गरोदर स्त्रिया नकोत, समाजाला आधी विश्वासात घ्या, अशी त्याची दिशा आहे.

समजा उद्या वैरागसारख्या ठिकाणी असा अभ्यास करायचं कुणी ठरवलं. काय काय लागेल? (गंमत म्हणून मी एका संध्याकाळी वहीच्या मागच्या पानावर आराखडा काढून बघितला.) पहिली अडचण आपले डास. स्वयंसेवकाच्या रक्तातले परजीवी पुढच्या रूपात गेले आणि तो एसटीत बसून गावी गेला, तर तिथल्या डासाला नवीन माल मिळाला! म्हणून ते रूप तयार होण्याआधी औषध द्यायचं, आणि तोपर्यंत माणसाला जाळी लावलेल्या इमारतीत ठेवायचं. आमच्या हॉस्टेलच्या खिडक्यांची जाळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. दुसरी अडचण व्हायवॅक्स. आपल्याकडे मलेरियाचा हा प्रकार भरपूर, आणि तो यकृतात झोपून राहतो, काही महिन्यांनी पुन्हा उठतो. त्याला मारायचं औषध प्रायमाक्विन. पण ज्यांच्या रक्तात जीसिक्सपीडी हे एन्झाइम कमी असतं त्यांना ते घातक ठरू शकतं, आणि काहींच्या शरीरात ते औषध नीट कामच करत नाही. म्हणजे लागण देण्याआधीच प्रत्येकाची ही तपासणी हवी, आणि अभ्यास संपल्यावरही कितीतरी महिने त्याच्यावर लक्ष हवं. शिवाय रात्री दोनला एखाद्याची तब्येत बिघडली तर अतिदक्षता विभाग किती अंतरावर? आपल्याकडून बार्शी किंवा सोलापूर. मी तिथंच पेन खाली ठेवलं. असा अभ्यास मोठ्या रुग्णालयाच्या आवारातच हवा.

पण इमारत, जाळी, औषध हे सगळं पैशाने होतं. अवघड आहे ते माणसाचं. माझ्या मित्राला मी हे सगळं सांगत होतो तेव्हा त्याने मध्येच विचारलं, "पैसे किती देतात?" तोच तर मुद्दा आहे. फार दिले तर गरजू माणूस धोक्याकडे डोळेझाक करतो. कमी दिले तर त्याचा वेळ फुकटात लाटल्यासारखं होतं. किलिफीतही पैशावरून बरीच चर्चा झाली. मित्र म्हणाला, "म्हणजे गरिबाला कमी पैसे देणं हे नैतिक, असं का?" त्याचं चुकलं असं मला म्हणता आलं नाही. माझं मत असं, की रक्कम दिवसांची आणि त्रासाची द्यावी, धोक्याची नाही, आणि ती दिवसाच्या हिशोबाने द्यावी. सगळी रक्कम शेवटच्या दिवशीच मिळणार असेल, तर "कधीही सोडून जाऊ शकता" हे वाक्य कागदावरच राहतं. संसर्ग अभ्यासात तर आणखी एक गाठ आहे. अभ्यास सोडायचा हक्क आहे, पण अंगात परजीवी घेऊन निघून जायची मुभा देता येत नाही. औषधाचा कोर्स पूर्ण करूनच जावं लागतं. ही गोष्ट सही करायच्या आधी, सोप्या मराठीत, दोनदा सांगायला हवी.

आणि सही कुणाची? इथं आपल्या हॉस्टेलच्या स्टाफनेही वाचावं अशी एक घटना आहे. 2009-10 मध्ये खम्मम (तेव्हा आंध्र प्रदेशात, आता तेलंगणात) आणि वडोदरा जिल्ह्यांत शाळकरी मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला. त्यातल्या अनेक मुली वसतिगृहात राहणाऱ्या, आदिवासी घरांतल्या. चौकशीत निघालं की बऱ्याच संमतिपत्रांवर आईवडिलांच्या जागी वॉर्डनची सही होती. काही मुलींचे मृत्यू झाले. ते लसीमुळे नव्हते असा चौकशीचा निष्कर्ष होता, आणि ती लस चांगलीच आहे. पण एप्रिल 2010 मध्ये प्रकल्प थांबला आणि 2013 मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. वॉर्डनबाईंनी कदाचित मुलींचं भलं होईल म्हणूनच सही केली असेल. तरीही ती सही त्यांची नव्हतीच.

विद्यार्थ्यांबद्दल आयसीएमआरची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. जो कुणाच्या हाताखाली आहे, म्हणजे विद्यार्थी, नोकर, सैनिक, त्याला नाही म्हणणं जड जातं, म्हणून त्याला जादा संरक्षण हवं. आपण सगळे त्यात आलो. उद्या सरांनीच वर्गात येऊन "कोण कोण तयार आहे, हात वर करा" म्हटलं, आणि टर्मवर्कचे मार्क त्यांच्याच हातात असले, तर किती हात खाली राहतील? 2019 च्या नव्या औषध व चाचणी नियमांप्रमाणे एथिक्स कमिटीत किमान सात जण लागतात. त्यात एक सामान्य माणूस, एक कायदा जाणणारा आणि एक तरी स्त्री हवी, आणि निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे हवेत. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई मिळते. सही केलेल्या संमतिपत्राची प्रत मागून घेण्याचा हक्कही आपला असतो.

त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून चार प्रश्न कागदावर लिहिले. अर्ज मराठीत मिळेल का आणि तो घरी नेऊन वाचता येईल का? एथिक्स कमिटी कोणती आणि तिचा फोन नंबर काय? मध्येच सोडलं तर झालेल्या दिवसांचे पैसे मिळतील का? मागच्या तीन महिन्यांत कुणी दुसऱ्या चाचणीला बसलं होतं का, हे तुम्ही तपासता का? (शेवटचा प्रश्न त्याचाच. एकाच पोराने लागोपाठ ठिकाणं बदलून पैसे मिळवले तर औषधं अंगात एकमेकांत मिसळतात, हे त्याच्या लक्षात आलं होतं.)

दुसऱ्या दिवशी त्याने फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "एवढं काय बघायचं त्यात, या, सही करा, आराम करा." मित्राने बरं म्हणून फोन ठेवला आणि गेला नाही. मेसच्या काकांना त्याने खरं काय ते सांगितलं, त्यांनी बिलाला दिवाळीपर्यंत मुदत दिली. तो आता गावातल्या दहावीच्या दोन पोरांचं गणित घेतो. प्रश्नांचा कागद अजून त्याच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. कुणाला हवा असेल तर झेरॉक्स काढून न्या.